शुक्रवारची वाट बघणारी

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे. नोकरी करते, घरचं सगळं बघते. आठवड्याला एक भाग येणाऱ्या मालिका बघायचं मला वेड आहे, आजचं नाही, कॉलेजपासूनचं. सध्या पाच चालू आहेत. त्यातली शुक्रवारची माझी सगळ्यांत लाडकी. सहा वर्षांत तिचा एकही भाग चुकवलेला नाही. भाग संपला की मी वहीत लिहून ठेवते : काय झालं, मला काय वाटलं, पुढे काय होणार. अशा सात वह्या भरल्यात. घरात यावरून कायम चेष्टा चालते. नवरा म्हणतो, ‘नंतर बघ की, पळून चाललीय का ती?’ भाची आख्खा सीझन दोन दिवसांत संपवते आणि वर मला म्हणते, ‘मावशी, तू अजून तिथेच?’ मागच्या महिन्यात शुक्रवारच्या मालिकेच्या सीझनचा शेवटचा भाग चालू होता. वीस मिनिटं राहिली होती आणि नणंद व तिचे यजमान न कळवता आले. नवऱ्याने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. मी पाहुण्यांसमोर त्याच्यावर ओरडले. नणंद थोडा वेळ बसली आणि गेली. त्या दिवसापासून मी सगळे झोपल्यावर मोबाइलवर, हेडफोन लावून बघते. पण त्यात काही मजा नाही. वह्याही कपाटात मागे सारून ठेवल्यात. या वयात हे बालिशपणाचं आहे का? सोडूनच देऊ का सगळं?

प्रिय मैत्रीण,

सोडू नका. वह्या कपाटातून बाहेर काढा. आणि नणंदेला फोन करा. यातलं तिसरं काम सगळ्यांत आधी करा, म्हणजे बाकीचं वाचायला मन मोकळं होईल.

नणंदेपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त तेच टोचतंय. तुम्ही तो प्रसंग चार ओळींत उरकलात, पण त्यानंतर पुढचं सगळं बदललं. तुम्ही टीव्हीसमोरून उठलात, हॉलमधून उठलात आणि रात्रीच्या अंधारात जाऊन बसलात. ही शिक्षा तुम्ही स्वतःच स्वतःला दिली आहे. ओरडलात, ते चुकलंच. पाहुण्यांसमोर नवऱ्यावर आवाज चढवला की पाहुण्यांना वाटतं, आपण आलो म्हणून हे झालं. नणंद त्या दिवसापासून हेच मनात धरून बसली असेल. तिला फोन करून सरळ सांगा, ‘तू आलीस त्याचा राग नव्हता. सहा वर्षं बघत आलेल्या मालिकेचा शेवट तोंडावर आला होता आणि टीव्ही बंद झाला, त्याचा होता. तुझ्यासमोर असं बोलायला नको होतं.’ एवढंच बोला. ‘तू आधी कळवलं असतंस तर’ हे वाक्य मात्र कितीही ओठांवर आलं तरी गिळा.

पण एक लक्षात घ्या. माफी ओरडण्याची मागायची आहे. मालिका आवडते याची कुणाकडेही, कधीही मागायची नाही. तुम्ही या दोन गोष्टी एकत्र बांधून टाकल्यात आणि म्हणून वह्या कपाटात गेल्या.

आता बालिशपणाचं. तासाभराच्या नाट्यमालिकेच्या एका भागातून जाहिराती काढल्या तर साधारण ४२ ते ४५ मिनिटं उरतात. पाच मालिका म्हणजे आठवड्याला चार तासांच्या आत. एखादा माणूस सुट्टीचा अख्खा दिवस सामना बघतो, संपल्यावर त्यावर दोन तास वाद घालतो, आणि त्याला आपण खेळाचा शौकीन म्हणतो. तुमच्याही वेडाला शौकच म्हणायचं. त्यातून तुम्ही नुसत्या बघत नाही. बघून झाल्यावर लिहिता, मागचं पुढचं जोडता, अंदाज बांधता. याला रसिकता म्हणतात, आणि रसिक माणसाच्या वयाशी तिचा काही संबंध नसतो.

‘नंतर बघ की’ या वाक्याला तुम्ही आजवर नीट उत्तर दिलेलं नाही असं मला वाटतं. उत्तर द्यायला हवं, कारण नवऱ्याचं म्हणणं वरवर बघता बरोबर आहे. आता भाग खरंच पळून जात नाही. रात्री बघा, पहाटे बघा, पुढच्या महिन्यात बघा. त्याला जे कळत नाहीये ते हे, की तुमच्यासाठी मालिका शुक्रवारी सुरू होत नाही. ती आधीचा भाग संपतो तिथे सुरू होते आणि सात दिवस डोक्यात चालू राहते. दोन भागांच्या मधल्या त्या सहा-सात दिवसांत प्रेक्षक स्वतः गोष्ट रचत असतो. तुमच्या वह्यांमधलं ‘पुढे काय होणार’ हे पान त्याच दिवसांचं आहे. सगळे भाग समोर आयते वाढून ठेवले तर ते पान लिहायला वेळच मिळणार नाही.

हे वेड किती लोकांना एकाच वेळी लागू शकतं याचं माझं आवडतं उदाहरण ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेचं आहे. २१ मार्च १९८० च्या भागात जे. आर. या खलनायकाला गोळी लागते आणि सीझन तिथेच संपतो. गोळी कुणी झाडली? उत्तर मिळालं २१ नोव्हेंबरला, बरोबर आठ महिन्यांनी. मधे कलाकारांचा संप झाल्याने वाट आणखी लांबली. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळी पात्रं गोळी झाडतानाची दृश्यं चित्रित करून ठेवली होती. उत्तराचा तो भाग एकट्या अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला. इतक्या माणसांनी आठ महिने एकच प्रश्न उराशी बाळगला. उत्तर होतं जे. आर.ची मेव्हणी. ते कळायला एक मिनिट पुरलं असतं. लोकांना गंमत आली ती त्या आठ महिन्यांत घराघरांत झालेल्या तर्कवितर्कांची.

भाचीला नावं ठेवायचं मात्र कारण नाही. तिची पिढी वेगळ्या पंगतीला बसली आहे. १ फेब्रुवारी २०१३ ला नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे १३ भाग एकाच दिवशी दिले. तेव्हापासून सीझन एका बैठकीत संपवणं ही नेहमीची गोष्ट झाली. एका दमात बघण्याचंही एक सुख आहेच, धागे सुटत नाहीत, पात्रांची नावं विसरत नाहीत. पण मजा बघा, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा त्यांनी ‘द मॅन्डलोरियन’चे भाग पुन्हा आठवड्याला एक असेच दिले. एक भाग आला की आठवडाभर लोक त्यावर बोलतात, याची किंमत त्यांना ठाऊक होती. एकच गोष्ट दोन्ही चालींनी बघायची संधी आपल्याकडेही मिळाली होती. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी येत होतं आणि संपायला दीड वर्ष लागलं. २०२० मध्ये दूरदर्शनने तेच पुन्हा दाखवलं तेव्हा रोज भाग येत होते, महिन्याच्या आत संपलं. दोन्ही वेळा बघितलेल्या माणसाला विचारा, त्याला कुठलं जास्त आठवतं. माझ्यापुरतं सांगायचं तर पहिलं. मधले सहा दिवस सगळ्यांनी त्यावर बोलून बोलून ते पक्कं केलं होतं.

पात्रांमध्ये जीव गुंततो म्हणून कुणी हसलं तर त्यालाही जुना आणि शहाणा आधार आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच पडद्यावरची माणसं आणि प्रेक्षक यांच्यातल्या एकतर्फी जवळिकीवर लेख लिहिला होता. आपल्याला ती माणसं ओळखीची वाटतात, त्यांना आपला पत्ता नसतो. या नात्याला त्यांनी रोग म्हटलं नाही. खऱ्या माणसांमधल्या वावराची जागाच ते नातं घेऊ लागलं, तर मात्र काळजी करावी, असं त्यांचं म्हणणं. आता तुमच्या पत्राकडे या नजरेने बघा. हॉलमध्ये सगळ्यांच्या गराड्यात, चेष्टा झेलत मालिका बघणारी तुम्ही अगदी ठणठणीत होता. मला काळजी वाटते ती मागच्या महिन्याभरातल्या, रात्री एकटी, हेडफोन लावून, चोरून बघणाऱ्या तुमची. म्हणून मी वेड सोडा असं म्हणत नाही. लपवणं सोडा, असं म्हणते. शिवाय मध्यरात्री बघून सकाळी कामाला जायचं, हातभर पडद्यासाठी मेहनतीने टिपलेलं दृश्य वीतभर पडद्यावर बघायचं, यात शरीराचंही नुकसान आणि मालिकेचंही.

आता एक जरा कडू लागेल असं बोलते.

तुमचं मूळ पत्र मी तीनदा वाचलं (वर छापताना जागेसाठी छोटं केलं आहे). त्यात शुक्रवारच्या मालिकेबद्दल दीड पान आहे. तिच्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरचं बोलणं, तिसऱ्या सीझनमधली ती रेल्वे स्टेशनवरची ताटातूट, संगीत कुठे थांबतं ते, सगळं. बुधवारच्या एका मालिकेबद्दल सहा ओळी आहेत, त्याही प्रेमाच्या. उरलेल्या तिघींबद्दल फक्त वार आहेत. मंगळवारच्या मालिकेचं तर नावही लिहायचं तुम्ही विसरलात.

वह्या बाहेर काढाल तेव्हा शेवटच्या दहा-दहा नोंदी शेजारी ठेवून बघा. माझा अंदाज आहे, शुक्रवारची नोंद पान उलटून मागे गेली असेल आणि मंगळवारची ‘पाहिला. ठीक.’ एवढ्यावर थांबली असेल. जिथे तुमचं अक्षर आटलं आहे तिथे तुमचा उत्साह कधीच संपला आहे, उरली आहे ती सवय. ‘चार वर्षं बघितली, आता अर्ध्यावर कशी सोडू’ हा विचार मला कळतो, पण मालिकेला तुम्ही काही देणं लागत नाही. तीन सोडा. मन कचरत असेल तर एक महिना बघू नका आणि त्या महिन्यात एकदाही ‘काय झालं असेल’ असं वाटलं तरच परत जा. यामुळे उरलेल्या दोन मालिकांसाठी घरात हक्काने बोलता येईल. आठवड्यातले चार दिवस ‘माझी मालिका आहे’ म्हटलं की कुणालाच कुठली खरी महत्त्वाची ते कळत नाही. त्या दिवशी रिमोट उचलताना नवऱ्याला तो सीझनचा शेवटचा भाग आहे हे माहीत तरी होतं का? मला वाटतं, नव्हतं. त्याच्या लेखी ती ‘हिची रोजची मालिका’ होती. त्याने न विचारता टीव्ही बंद केला हेही चुकीचंच, आणि ते त्याला शांतपणे सांगा. पण त्याबरोबर हेही सांगा की शुक्रवारचा तो तास माझा, त्या तासात दारावरची बेल तू बघशील, फोन तू घेशील. बदल्यात, बुधवारची ती एक मालिका सोडली तर, बाकीच्या दिवशी टीव्हीवर मी हक्क सांगणार नाही. माणसं स्पष्ट मागितलेलं सहसा देतात. मनातल्या मनात मागितलेलं कुणालाच ऐकू येत नाही.

आणि एकदा त्याला शेजारी बसवा. यात बहुतेक चाहते एक चूक हमखास करतात, स्वतःला सगळ्यांत आवडलेला भाग दाखवतात. तो भाग आपल्याला आवडतो कारण त्यामागे पन्नास भाग उभे असतात. समोरच्याला त्यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून एका बैठकीत ज्याची गोष्ट सुरू होऊन संपते असा, शक्यतो पहिल्या सीझनमधला भाग निवडा. बघताना ‘आता बघ हं, आता बघ’ करू नका. त्याच्या चेहऱ्याकडे तर अजिबात बघू नका, आपला चेहरा कुणीतरी वाचतंय हे कळलं की माणूस आखडतो. भाग संपल्यावर ‘कसा वाटला?’ असंही विचारू नका. गप्प बसा. त्याने स्वतःहून एक जरी प्रश्न विचारला, ‘तो डॉक्टर आधीपासून आहे का यात?’ इतका साधा जरी, तरी समजा की दार किलकिलं झालंय. नाहीच विचारलं तर पुन्हा आग्रह नको. त्याला मालिका आवडायलाच हवी असं काही नाही, तुम्हाला ती का आवडते एवढं दिसलं तरी पुरे.

माझे वडील टीव्हीसमोर कधी बसले नाहीत. आम्ही भावंडं आठवडाभर वाट बघून एक मालिका बघायचो आणि ते ‘काय ते खुळ’ म्हणत वर्तमानपत्र हातात घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. तासभर. पान उलटल्याचा आवाज फारसा यायचा नाही. एकदा मी तापाने फणफणले होते आणि नेमका तोच वार होता. भाग चुकला म्हणून मी रडले. रात्री वडील उशाशी येऊन बसले, कपाळावरची पट्टी बदलली आणि त्यांनी मला तो भाग सांगितला. पहिल्या दृश्यापासून, कोण कुठल्या दाराने आलं, कुणी कुणाला काय उत्तर दिलं, शेवटी चिठ्ठी कुणाच्या हातात पडली इथपर्यंत. आवाज बदलून बदलून. तोपर्यंत आम्हाला वाटायचं त्यांना त्यातलं काही कळत नाही. तुमच्या घरातही चौकटीला टेकून कोण उभं असतं, ते एकदा मान वळवून बघा.

भाचीबरोबर मात्र खेळ वेगळा मांडा. सगळे भाग आधीच आलेत अशी एखादी मालिका दोघींनी मिळून निवडा. ती दोन दिवसांत संपवेल, तुम्ही आठवड्याला एकच भाग बघा, आणि दर भागानंतर तुमच्या वहीतला अंदाज तिला वाचून दाखवा. तिला पुढचं सगळं माहीत असेल पण तिने तोंड उघडायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. गुपित पोटात ठेवायला फार कष्ट पडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच तुम्हाला फोन करून विचारेल, ‘मावशी, बघितलास का ग?’ फुटलेल्या गोष्टींची, म्हणजे स्पॉयलरची भीती असेल तर तेही घरात एकदा ठरवून टाका : भाग येऊन दोन दिवस होईपर्यंत जेवताना त्यावर चकार शब्द नाही.

वह्यांबद्दल शेवटी बोलायचं राखून ठेवलं होतं, कारण त्या कपाटात सारल्यात हे वाचून मला फार वाईट वाटलं. ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. त्या काळी टेप महाग, जागा अपुरी आणि जुने भाग पुन्हा कुणी बघेल असं बीबीसीत कुणाला वाटत नव्हतं. त्यामुळे साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. कित्येक भागांची चित्रं आजही मिळालेली नाहीत. पण आवाज मात्र सगळ्या हरवलेल्या भागांचा शिल्लक आहे. का? कारण काही मुलं दर आठवड्याला टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर धरून बसत होती. त्यांच्याही घरी कुणीतरी हसलं असेलच. ‘स्टार ट्रेक’ बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा चाहत्यांनी एनबीसी वाहिनीला इतकी पत्रं लिहिली की मालिका परत येतेय हे वाहिनीला १ मार्च १९६८ ला प्रसारणातच जाहीर करावं लागलं. पुढे एकच सीझन मिळाला, १९६९ मध्ये ७९ भागांवर ती थांबली, पण पुनर्प्रसारणात तिला नवे प्रेक्षक मिळत गेले आणि तिच्यातून पुढे कितीतरी मालिका आणि सिनेमे निघाले. पत्र लिहिणारी ती माणसंही तुमच्यासारखीच, कामधंदा सांभाळून एका वाराची वाट बघणारी होती.

सात वह्यांमध्ये तुमची सहा वर्षं आहेत. मालिकेतला कुठला भाग कधी आला हे कुठेही सापडेल. तो बघताना तुम्हाला काय वाटलं, कुठला अंदाज चुकला, कुठल्या रात्री तुम्ही रडलात, हे त्या वह्यांशिवाय कुठेच नाही. त्या टीव्हीशेजारी ठेवा, सगळ्यांच्या हाताला येतील अशा. कुणी चाळल्या तर चाळू द्या.

शुक्रवारच्या मालिकेचा नवा सीझन यायला अजून अवकाश असेल. तेवढ्यात नणंदेचा फोन होईल, नवऱ्याशी बोलणं होईल, तीन मालिका सुटतील. आणि एक काम राहिलंच. त्या शेवटच्या भागाची राहिलेली वीस मिनिटं तुम्ही मोबाइलवर, मध्यरात्री, रडवेल्या डोळ्यांनी बघितलीत आणि पत्रात लिहिलंत की त्याची नोंद वहीत केलीच नाही. येत्या शुक्रवारी, नेहमीच्या वेळी, हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर तो भाग पहिल्यापासून पुन्हा लावा. मग सातव्या वहीतलं ते कोरं पान भरा.

तुमचीच,
ताई